आतल्या कडेचा हिशेब

टायरच्या दुकानासमोर एक छोटी मोटार जॅकवर उचललेली असते. शेजारी उभ्या असलेल्या तरुण मालकाच्या चेहऱ्यावर नाराजी असते. कारण मोटार घेऊन पुरते दीड वर्षही झालेले नाही आणि कारागीर पुढचे दोन्ही टायर बदलायला सांगतो आहे. मालक रोज सकाळी गाडी पुसतो. टायरची बाहेरील बाजू त्याच्या नित्य पाहण्यातली. तिच्यावरची नक्षी ठळक आहे, खाचा खोल आहेत. कारागीर वाद घालत नाही. तो चाक काढतो, उलटे करून जमिनीवर आडवे ठेवतो आणि आतल्या कडेवर बोट टेकवतो. तेथे नक्षीचा मागमूस नाही. रबर पार झिजून पोलादी तारांची टोके उघडी पडली आहेत. याच चाकांवर तो तरुण आदल्या रविवारी आईवडिलांना घेऊन भर पावसात घाट उतरून आलेला असतो.

असा प्रसंग आज पुण्यात घडतो, तसाच इंदूरला किंवा बडोद्यालाही घडतो. त्याचे मूळ पुष्कळदा एका हौसेत असते. नवी मोटार घरी आली, की काही दिवसांतच ती ‘लोअर’ करण्याचा, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगा बदलून किंवा कापून गाडी जमिनीच्या जवळ बसवण्याचा मोह तरुणांना होतो. चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी कमी झाली, की साधी गाडीही ऐटदार दिसू लागते. या ऐटीचे बिल मात्र दिसत नसलेल्या बाजूला, टायरच्या आतल्या कडेवर, हळूहळू जमा होत असते. मोटार ही मध्यमवर्गीय कुटुंबाची घरानंतरची बहुधा सर्वांत मोठी खरेदी आणि ती बहुतेकदा कर्जाऊ रकमेतून झालेली. म्हणूनच हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हौसेमागील शास्त्र

गाडी खाली बसवण्याची कल्पना मुळात निरर्थक नाही. तिचा उगम मोटार शर्यतींत आहे. वळण घेताना गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा भार अधिक सरकतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे येथील धावपट्टीवर सेकंदाच्या अंशासाठी झुंज चालते. तेथे गुरुत्वमध्य थोडा जरी खाली आला, तरी त्याला मोल असते. तिथली धावपट्टी गुळगुळीत असते, टायर खास बनावटीचे असतात आणि ते हजारो किलोमीटर टिकावेत अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

रोजच्या रस्त्यावर हा लाभ किती उरतो? छोट्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मि.मी. उंचीवर आहे असे गृहीत धरू. गाडी ३० मि.मी. खाली बसवली, तर तो ५२० मि.मी. वर येतो आणि सरकणारा भार जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटतो. त्यातही एक मेख आहे. वळणावर गाडीचे धड ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला ‘रोल सेंटर’ म्हणतात. आजच्या बहुसंख्य मोटारींच्या पुढील सस्पेन्शनमध्ये गाडी खाली बसवली, की हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. त्यामुळे त्या दोहोंमधील अंतर, म्हणजेच गाडीला कलवणारी तरफ, उलट लांब होऊ शकते. नव्या स्प्रिंगा अधिक कडक असतील तर हे झुकणे आवरले जाते. पण मग त्याचे श्रेय स्प्रिंगांच्या कडकपणाला द्यावे लागते, कमी झालेल्या उंचीला नाही.

चाकांची भूमिती

एकेकाळी भारतीय रस्त्यांवर ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे राज्य होते. त्यांच्या मागील चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा असत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढील चाकांसाठी ‘मॅकफर्सन स्ट्रट’ ही रचना सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या दारात पोहोचली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना सुटसुटीत, हलकी आणि स्वस्त आहे. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा मिळून एक उभा खांब, आणि खालून चाकाला धरून ठेवणारा एक आडवा हात, एवढाच तिचा पसारा. २००५ मध्ये भारतात आलेल्या स्विफ्टसह बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढील बाजूस हीच रचना आढळते.

उत्पादक जेव्हा गाडीची उंची ठरवतो, तेव्हा त्या उंचीला हा आडवा हात, सुकाणूचा दांडा आणि चाक यांचे परस्परांशी असलेले कोनही ठरवतो. उंची बदलली, की हे सारे कोन हलतात. टायरच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे.

पहिला ‘कॅम्बर’. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून किती कललेले आहे, हे या कोनावरून कळते. गाडी खाली बसली, की सहसा चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि भार आतल्या कडेवर येतो. हा कल एका अंशाने वाढला, तर १३० मि.मी. रुंद नक्षीच्या टायरची आतली कड बाहेरील कडेपेक्षा सुमारे सव्वादोन मिलिमीटर खाली दाबली जाऊ पाहते. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग उण्यापुऱ्या तळहाताएवढा. त्यातही भाराची अशी विषम वाटणी झाली, तर आतली कड आधी झिजणे ओघानेच आले.

दुसरा कोन ‘टो’. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची तोंडे सरळ समोर आहेत, किंचित आत वळलेली आहेत की बाहेर, हे त्यावरून समजते. चालताना माणसाचे पाय जसे फेंगडे किंवा आत वळलेले पडतात, तसेच हे. गाडी खाली बसली, की खालचा आडवा हात आणि सुकाणूचा दांडा वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात आणि चाक एका बाजूला ओढले जाते. कोणत्या गाडीत ते आत वळेल आणि कोणत्या गाडीत बाहेर, हे सुकाणूची यंत्रणा आसाच्या पुढे आहे की मागे, यावर आणि दांड्याच्या लांबीवर अवलंबून असते. ते वळते, एवढे मात्र खरे.

खरा अपराधी कोण?

सर्वसाधारण समज असा, की आतली कड झिजली म्हणजे दोष कॅम्बरचा. कललेले चाक डोळ्यांना दिसते, म्हणून आळ त्याच्यावर येतो. वास्तविक कललेले चाक निदान आपल्या दिशेने गडगडत तरी असते. तोंड वाकडे असलेले चाक गडगडता गडगडता आडवे घसटत असते, आणि रबर खाते ते हे घसटणे. चाकांची तोंडे बाहेर वळलेली असतील, तर हे घसटणे प्रामुख्याने आतल्याच कडेवर होते. त्यात कॅम्बरमुळे भारही तिथेच आलेला असला, म्हणजे दोन्ही दोष एकाच जागी येऊन मिळतात.

याचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. १४ इंची चाकाच्या रिमचा व्यास सुमारे ३५६ मि.मी. असतो. दोन चाकांच्या रिमांमधील पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा केवळ ३ मि.मी. ने अधिक आहे असे समजावे. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटरचा वाकडेपणा आला. दीड भागिले ३५६, म्हणजे दर किलोमीटरमागे सुमारे ४.२ मीटर आडवी ओढ. दहा हजार किलोमीटर धावल्यावर हे आडवे अंतर ४२ किलोमीटर होते, म्हणजे जवळपास पूर्ण मॅरेथॉन शर्यतीएवढे! रबर लवचिक असल्याने त्यातील काही ओढ ते पोटात घेते. पण रस्त्यावरून सुटताना होणारे घसटणे टळत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाण्यांच्या जाडीएवढा फरक. तो नुसत्या नजरेला दिसत नाही आणि सुकाणूलाही नेहमी जाणवतोच असे नाही.

यातून एक दिलासाही मिळतो. छोट्या मोटारींत कॅम्बर बदलण्याची सोय पुष्कळदा नसते. परंतु पुढच्या चाकांचा टो सुकाणूच्या दांड्याची लांबी कमीजास्त करून हमखास जुळवता येतो. म्हणजे गाडी खाली बसवल्यावर ‘व्हील अलाइनमेंट’ करून घेतले, तर झिजेचे मोठे कारण दूर होते. उरलेल्या कॅम्बरमुळे आतली कड काहीशी लवकर झिजेल, पण दीड वर्षात तारा उघड्या पडणार नाहीत. दुर्दैवाने स्प्रिंगांवर पैसे खर्च करणारा हौशी ग्राहक पुष्कळदा तेवढ्याच एका कामाला फाटा देतो.

मागील चाकांचे गणित निराळे आहे. बहुतेक छोट्या मोटारींत ती एकाच पोलादी तुळईला घट्ट जोडलेली असतात. गाडी खाली बसल्याने त्यांचे कोन फारसे बदलत नाहीत. त्यामुळे पुढचे टायर आतून झिजलेले आणि मागचे जवळपास नव्यासारखे, असे विचित्र दृश्य दिसते. काही मोठ्या मोटारींत मागील प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर तोललेले असते. तिथे मागच्या टायरांचीही तीच गत होऊ शकते.

कापलेली स्प्रिंग आणि भरलेली गाडी

गाडी खाली बसवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकणे. हा मार्ग सर्वांत घातकही आहे. स्प्रिंगचे वेढे कमी झाले, की ती त्या प्रमाणात कडक होते. कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळले तर स्प्रिंग जागेवरून सरकण्याचा धोका असतो. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच उंचीसाठी आणि जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. त्याची खाली जाण्याची वाट आधीच आखूड झालेली असते. तो वारंवार शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि लवकर निकामी होतो. मग चाक रस्त्यावर टिकण्याऐवजी उसळत राहते आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात.

आपल्याकडे गाडी क्वचितच रिकामी धावते, हेही ध्यानात घ्यायला हवे. गणपतीला कोकणात निघालेली मोटार डोळ्यांसमोर आणावी. आत पाच माणसे, डिकीत बॅगा, पूजेचे साहित्य, परतताना नारळ नि फणसाचे पदार्थ. मूळ उंचीची गाडीही या भाराने काही सेंटिमीटर दबते. आधीच खाली बसवलेली गाडी आणखी दबली, की चाकांचे कोन अधिकच बिघडतात आणि खड्ड्यागणिक टायर मडगार्डच्या अस्तराला घासू लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात गल्लोगल्ली जे उंचवटे आढळतात, त्यांना कोणतेच मानक ठाऊक नसते. गाडीचे पोट घासू नये म्हणून मालक तिरका चढतो, काठावरून जातो, आणि चाकांची उरलीसुरली भूमितीही विस्कटते.

याच्या उलट मोहही अनेकांना होतो. गतिरोधकाला घाबरून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवून गाडी उंच केली जाते. कोन तेव्हाही हलतातच, फक्त विरुद्ध दिशेने. अलाइनमेंटची गरज दोन्ही प्रकारांत सारखीच.

टायर वाचता यावा

जाणत्या माणसाला टायर एखाद्या पासबुकासारखा वाचता येतो. मधोमध झिजलेला टायर हवा जास्त असल्याचे सांगतो. दोन्ही कडांनी झिजलेला, हवा कमी असल्याचे. एकच कड सपाट झाली असेल तर कॅम्बरचा संशय घ्यावा. नक्षीवरून तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे बोचत असेल, तर टो बिघडलेला आहे असे समजावे. ठिकठिकाणी खळगे असतील, तर शॉकॲब्सॉर्बर किंवा चाकाचे बॅलन्सिंग तपासावे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मि.मी. असावी लागते. नव्या टायरमध्ये ती साधारणतः सात-आठ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायरचे आयुष्य संपले. मात्र हे मोजमाप आतल्या कडेवरही करायला हवे. पावसात रस्त्यावर साचलेले पाणी खाचांवाटे बाहेर फेकले जाते. खाचा नसतील तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग अशा रस्त्यांवर वाहने तासन् तास वेगात धावतात आणि टायर तापतात. तारा उघड्या पडलेला टायर तिथे केव्हा फुटेल याचा भरवसा नसतो.

रुपयांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. टायरची किंमत पाच हजार रुपये आणि त्याचे सामान्य आयुष्य ४०,००० कि.मी. मानले, तर एका टायरचा खर्च किलोमीटरला साडेबारा पैसे पडतो. तोच टायर १५,००० कि.मी. ला बाद झाला, तर खर्च ३३ पैशांवर जातो. वाहनकर्जाची मुदत पाच वर्षे आणि वर्षाचा प्रवास १२,००० कि.मी. धरल्यास एकूण ६०,००० कि.मी. होतात. एवढ्या अवधीत पुढची जोडी एरवी एकदाच बदलावी लागली असती, खर्च दहा हजार रुपये. खाली बसवलेल्या आणि अलाइनमेंट न केलेल्या गाडीत ती तीनदा बदलावी लागते, खर्च तीस हजार. शिवाय कर्ज फिटता फिटता चौथी जोडी दारात उभी. शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुशिंगा, मजुरी यांचा खर्च वेगळाच. हौस स्प्रिंगांच्या किमतीत भागली असे वाटते, पण तिचे हप्ते पुढे कित्येक वर्षे चालू राहतात.

हा खर्च विमा भरून देईल, अशी आशा बाळगू नये. प्रचलित मोटार विमा पॉलिसीत सामान्य झीज समाविष्ट नसते. टायरचे नुकसानही सहसा त्याच वेळी वाहनाची अन्य हानी झाली असेल तरच विचारात घेतले जाते, आणि तेव्हाही भरपाई नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यापुरती मर्यादित असते. वाहनात केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतरच्या दाव्यात सर्वेक्षकाच्या प्रश्नांना उत्तर देणे अवघड होऊन बसते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरील प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही साहेब’ या आश्वासनावर विसंबून राहू नये. आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे. शिवाय कर्ज फिटेपर्यंत वाहन बँकेकडे नजरगहाण असते आणि तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कर्जदाराने करारावर सही करताना स्वीकारलेली असते. तारणाचे मूल्य टिकणे हे बँकेच्या हिताचे. पण पुढे गाडी विकताना त्याचा पहिला लाभ ग्राहकालाच मिळतो.

जाणकारीची हौस

गाडीवर प्रेम करण्यात गैर काहीच नाही. ज्याला वाहनाचा देखणेपणा खुणावतो, तोच बहुधा त्याची निगाही राखतो. फक्त हौसेला जाणकारीची जोड हवी. कायद्याने अनुज्ञेय असलेला बदल करायचाच असेल, तर स्प्रिंग कापू नये. त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना अनुरूप शॉकॲब्सॉर्बर वापरावेत. काम झाल्याबरोबर अलाइनमेंट करावे आणि नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटरमध्ये बसल्यावर ते पुन्हा तपासावे. यंत्रातून मिळणारा मोजमापाचा कागद मागून घ्यावा आणि सेवापुस्तिकेत जपून ठेवावा. विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वाहनावर कर्ज असेल तर शाखेत येऊन विचारावे.

आणि ज्यांनी कोणताच बदल केलेला नाही, त्यांनीही महिन्यातून एकदा सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड पाहावी, हात फिरवावा. खड्ड्यात आदळलेले एक चाकसुद्धा तोच वाकडेपणा निर्माण करू शकते. पाहायला दोन मिनिटे लागतात, खर्च काहीच येत नाही. टायरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या त्या तरुणाने ती दोन मिनिटे वेळीच काढली असती, तर आईवडिलांसह घाट उतरताना तो कशावर विसंबून होता, हे त्याला आधीच उमगले असते.